सुटकेनंतरचं कलम कुठे आहे?

महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या ४८ आणि राज्यसभेतल्या १९, अशा सर्व ६७ खासदारांस,

सप्रेम नमस्कार.

२६ जुलै २०१८ रोजी मानवी तस्करीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं. तस्करीला प्रतिबंध, पीडितांचं संरक्षण आणि पुनर्वसन अशी तिन्ही कामं एकाच कायद्यात आणायचा तो प्रयत्न होता. राज्यसभेत ते चर्चेलाही आलं नाही आणि २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा व्यपगत झालं. २०२१ च्या जुलैमध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने नवा मसुदा लोकांपुढे ठेवला, सूचना पाठवायला जेमतेम दोन आठवडे दिले, आणि पुढे तो संसदेत मांडलाच गेला नाही. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे आपण सगळे ज्याला पिटा म्हणतो त्यात, दुरुस्ती सुचवणारं विधेयक आलं होतं. तेही २००९ मध्ये लोकसभेबरोबर गेलं. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी हे केलंय, तेव्हा या पत्रात कुणा एका बाकाकडे बोट दाखवायचं कारण नाही.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे छाप्यातून आणलेल्या बायका, वीटभट्टीवरून किंवा उसाच्या फडातून सोडवलेली कुटुंबं यांची कामं माझ्याकडे येतात. तस्करी म्हटलं की सभागृहात भाषणं होतात ती पकडण्यावर आणि शिक्षेवर. मला बोलायचंय ते सुटकेच्या दुसऱ्या दिवसाबद्दल. त्या दिवसापासून त्या माणसाला काय मिळायला हवं, हे आपल्या कायद्यांत फार थोडं लिहिलंय, आणि जे लिहिलंय ते बहुतेक खटल्याच्या दावणीला बांधलेलं आहे. निवारा मिळतो तो साक्षीला हाताशी असावी म्हणून. पैसे मिळतात ते खटला पुढे सरकला तर. नवा कायदा आणाल तेव्हा ही गाठ सोडवा, एवढी एकच मागणी आहे. ती का, ते सविस्तर सांगते.

शिक्षेचं आधी उरकते, कारण तिथे आपण फारसे कमी नाही. संविधानाचं कलम २३ माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी घालतं. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचं कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने घेतली. एका व्यक्तीची तस्करी केली तर किमान सात वर्षं. मुलाची केली तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, एकाहून अधिक मुलांची केली तर चौदा वर्षांपासून पुढे. पोलीस किंवा सरकारी नोकर सामील असेल तर मरेपर्यंत तुरुंग. आणखी किती कडक करायचं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले. एवढ्या मोठ्या देशात एवढेच. त्यातले निकाली निघतात ते बहुतेक आरोपी सुटूनच. शिक्षा सौम्य आहे म्हणून कुणी सुटत नाही. पुरावा उभा राहत नाही म्हणून सुटतात. आणि या खटल्यांत पुरावा म्हणजे बहुतेक वेळा एकच बाई किंवा एकच पोरगी, जी छाप्यानंतर तीन-चार वर्षांनी कुठे आहे हे सरकारी वकिलांनाही ठाऊक नसतं.

तिला बोलावतात कसं, ते पाहा. समन्स तिच्या गावच्या पोलीस ठाण्याला जातं. तिथला शिपाई वर्दीत, मोटारसायकलवरून, नाव विचारत विचारत तिच्या घरी पोचतो. ज्या गावात तिने ‘पुण्याला कंपनीत होते’ असं सांगून कसाबसा संसार मांडलाय, त्या गावाला दुपारपर्यंत सगळं कळतं. मग ती दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून येते. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो जामिनावर बाहेर असतो आणि त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर, चहा पीत बसलेला असतो. तिला मराठी येत नाही, न्यायालयात बंगाली किंवा नेपाळी दुभाषी नाही, न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख. प्रवासभत्त्याचा अर्ज नाझरकडे, म्हणजे न्यायालयाचे पैसे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ती येत नाही, आणि आली तरी ‘मला काही आठवत नाही’ म्हणते. आम्ही वकील त्याला साक्षीदार फितूर झाला म्हणतो. मला विचाराल तर ती शहाणपणाने वागलेली असते.

यावर उपाय माहीत नाहीत असं नाही. परराज्यात साक्षीला यावं लागणाऱ्या तस्करीपीडित मुलांची साक्ष त्यांच्या जवळच्याच केंद्रातून दूरदृश्य प्रणालीने घ्यावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कार्यपद्धती घालून दिली. प्रौढ बायकांसाठी फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने इलेक्ट्रॉनिक साक्षीची वाट उघडली आहे, पण ‘घेता येईल’ असं म्हणून सोडून दिलंय. तिने मागितली तर ती तिच्या जिल्ह्यातून घेतलीच पाहिजे, असं नव्या कायद्यात लिहा. समन्स वर्दीतल्या माणसाने घरी नेऊन देऊ नये, हेही लिहा. फार बारीक गोष्ट वाटेल. पण माझ्या अनुभवात साक्ष इथेच फुटते.

आता निवाऱ्याकडे वळते, कारण मला सर्वांत जास्त बोलायचंय ते इथे.

पिटा कायदा मूळचा १९५६ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे छाप्यात सोडवलेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करतात, चौकशी होते, आणि दंडाधिकाऱ्यांना तसं वाटलं तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश निघतो. ती सज्ञान असली तरी. आरोपीला तोवर जामीन मिळालेला असतो. म्हणजे जिच्यावर गुन्हा झाला ती कुलपाआड आणि ज्याने केला तो बाहेर. ‘मला सोडवलं म्हणताय, मग दाराला कुलूप कुणासाठी?’ असं एका बावीस वर्षांच्या मुलीने मला संरक्षणगृहाच्या भेटीच्या खोलीत विचारलं होतं. मी तिला कलम सांगितलं. दुसरं काय सांगणार?

तिच्या प्रकरणाचा पंचनामा माझ्यापुढे होता. बनावट ग्राहक, खुणेच्या नोटा, दोन पंच, सगळं रीतसर. खाली मुद्देमालाच्या यादीत कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीचा फोन, गल्ल्यातली रक्कम, आणि त्याच यादीत ‘पीडितेच्या ताब्यातून’ म्हणून तिचा स्वतःचा फोन आणि तिच्या पर्समधली रोकड. तिने साठवलेले पैसे, तिच्या लेकराला सांभाळणाऱ्या मावशीचा नंबर, आधार कार्डाचा फोटो, सगळं लाखेचं सील मारून मुद्देमाल कक्षात गेलं. मावशीचा नंबर तिला पाठ नव्हता. आजकाल कुणाला कुणाचा नंबर पाठ असतो? लेकराशी बोलणं व्हायला किती अर्ज करावे लागले ते सांगत बसत नाही. पण पीडितेची स्वतःची चीजवस्तू मुद्देमालात घेता येणार नाही, फोन तपासाला हवाच असेल तर त्यातली माहिती उतरवून तो ठरावीक दिवसांत परत द्यावा, असं एक कलम टाकायला काय अडचण आहे? दिल्लीत मसुदा लिहिणाऱ्याला ते सुचणार नाही, कारण त्याने ती यादी वाचलेली नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

न्यायालयांनी या बाबतीत संसदेपेक्षा बरंच चालून दाखवलंय. आपल्याच उच्च न्यायालयाने प्रेरणा संस्थेच्या याचिकेत दोन दशकांपूर्वी ठरवून दिलं की दलालाचा वकील छाप्यात सापडलेल्या मुलींच्या वतीने उभा राहू शकत नाही, आणि अल्पवयीन मुलीला बालकल्याण समितीपुढे न नेता, घरच्यांची शहानिशा न करता कुणाच्याही हवाली करता येत नाही. त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन सज्ञान तरुणींना मोकळं करताना सांगितलं की देहविक्रय हा या कायद्याखाली मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिशेने देशभरासाठी निर्देश दिले: छाप्यात स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईला अटक किंवा दंड करू नये, आणि संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना ठरलेल्या मुदतीत सोडावं. त्या निर्देशांची अंमलबजावणी महाराष्ट्रात किती झाली, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीही तारांकित म्हणून टाकू शकता.

आणि इथेच २०१८ चं विधेयक घसरलं होतं. सज्ञान पीडितेला सोडून द्या म्हणून अर्ज करता येईल असं त्यात होतं. पण अर्ज स्वखुशीने केलेला नाही असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं तर तो फेटाळायची मुभाही होती. कायद्याने तिच्या हातात दार दिलं आणि कडी बाहेरून लावून घेतली. दंडाधिकाऱ्यांची भीती खोटी नाही, हे मी मान्य करते. कधी कधी ‘नवरा’ म्हणून न्यायला येतो तो दलालच असतो, आणि दबावाखाली ‘मला जायचंय’ म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पण त्या भीतीचं उत्तर कोंडून ठेवणं नव्हे. तिला तिच्या भाषेत बोलणारी, पोलिसांशी संबंध नसलेली समुपदेशक दोन-तीनदा एकांतात भेटू द्या, तिचा स्वतःचा वकील द्या, आणि मग ती म्हणेल ते ऐका. अल्पवयीन मुलींचं वेगळं. त्यांच्यासाठी बाल न्याय कायदा आहे, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा आहे, आणि तिथे ‘मुलगीच जायचं म्हणते’ हे कारण चालता कामा नये.

या विधेयकावर बाहेरही दोन तट पडले होते. तस्करीतून बाहेर आलेल्यांच्या काही गटांनी हा कायदा हवा म्हणून आग्रह धरला, तर देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या संघटनांनी याने छापे आणि डांबणं वाढेल म्हणून विरोध केला. दोघींचं मला पटतं, आणि हे गुळमुळीत बोलणं नाही. ज्या कायद्यात सज्ञान बाईच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला किंमत असेल, तो दोघींना चालेल. विधेयक स्थायी समितीकडे पाठवा अशी मागणी तेव्हा लोकसभेत झाली होती. ती मानली असती तर या दोन्ही बाजू समितीपुढे समोरासमोर बसल्या असत्या.

तस्करी म्हणजे कुंटणखाना, एवढंच डोक्यात असेल तर अर्धा महाराष्ट्र दिसणार नाही. बीड, जालना, परभणीकडून दरवर्षी लाखो माणसं ऊस तोडायला साखरपट्ट्यात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यात उचल देतो आणि हंगामात ती फेडून घेतो. सगळीच उचल म्हणजे गुलामी, असं मी म्हणणार नाही. उचलीशिवाय ज्यांचं लग्न, दवाखाना, पेरणी होत नाही त्यांना ती हवी असते, आणि उचल घेऊन टोळी दुसरीकडे गेली म्हणून बुडालेले मुकादमही मी पाहिलेत. पण हंगाम संपला तरी हिशेब संपत नाही, आजारी पडलेल्या बाईचे खाडे उचलीत मांडले जातात, आणि पुढच्या वर्षीच्या हमीला म्हातारा बाप नाहीतर पोरगा उचलून नेला जातो, तेव्हा ती मजुरी राहत नाही. अशी तक्रार घेऊन ठाण्यात गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: हा पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी दावा करा. उलट मुकादमाने फिर्याद दिली की मजुरावर फसवणुकीचा गुन्हा लागतो. तोच व्यवहार एका बाजूने दिवाणी आणि दुसऱ्या बाजूने फौजदारी कसा होतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पोलिसांना तसं वागायला कायद्यानेच जागा ठेवली आहे. न्याय संहितेच्या कलम १४३ मधली ‘शोषणा’ची व्याख्या वाचा. शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामी आणि तिच्यासारख्या प्रथा, भीक मागायला लावणं, अवयव काढून घेणं, हे सगळं आहे. सक्तीची मजुरी हे शब्द नाहीत. ‘गुलामीसारख्या प्रथा’ यात वेठबिगारी बसते असा युक्तिवाद आम्ही करतो, पण ठाणे अंमलदाराने रात्री अकरा वाजता गुन्हा नोंदवताना युक्तिवाद ऐकत बसावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच, आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही कलम २३ खाली सक्तीची मजुरीच ठरवली होती. चाळीस वर्षं झाली तरी फौजदारी व्याख्येत ते दोन शब्द यायचेत.

वेठबिगारांसाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे आणि कागदावर तो उत्तम आहे. कर्ज वेठबिगारीचं नव्हतं हे सावकाराने सिद्ध करायचं, मजुराने नाही, असं त्यात स्पष्ट आहे. जिल्ह्यात दक्षता समिती नेमायची असते. पण सगळं अडकतं ते मुक्तीच्या दाखल्यावर. प्रांत किंवा तहसीलदारांनी तो दिला तरच पुनर्वसनाची रक्कम मिळते: २०१६ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे पुरुषाला एक लाख, बायका-मुलांना दोन लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत तीन लाख. ही पूर्ण रक्कम योजनेने आरोपीच्या शिक्षेशी जोडली. खटला रखडला तर प्रथमदर्शनी पुराव्यावर पैसे अडवू नयेत अशी पुस्ती पुढे जोडलेली आहे खरी, पण कार्यालयात पुस्ती कुणी वाचत नाही, पहिलं वाक्य वाचतात. तातडीची म्हणून जी मदत मिळते ती आधी वीस हजार होती, आता तीस हजार झाली. गावी परतलेल्या जोडप्यावर मुकादमाची त्याहून मोठी बाकी दाखवलेली असते. मग ऑक्टोबरमध्ये ऊसतोडीचा हंगाम आला की ते कुठे जातील?

२०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातून कातकरी मुलं मेंढ्या राखायला नगर जिल्ह्यात नेली जात होती, हे उघड झालं. उघड झालं ते त्यातल्या एका मुलीचा जीव गेल्यावर. त्या आई-बापांना तस्कर म्हणायचं का? व्याख्या काटेकोर लावली तर म्हणता येईल. मला ते जमणार नाही. कायदा लिहिताना ही माणसं डोळ्यांपुढे ठेवा.

तिसरा प्रकार नवा आहे आणि तुमच्या मतदारसंघांतल्या शिकल्या-सवरलेल्या मुलांचा आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली मुलं म्यानमारच्या सीमेवरच्या आवारांत कोंडली गेली, पासपोर्ट काढून घेतले, आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. आता हा मुलगा कोण? मारहाणीच्या धाकाने त्याने कुणा निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी लुबाडली असेल तर तो आरोपी की पीडित? मला वाटतं तो बऱ्याचदा दोन्ही असतो, आणि कायद्याने आधी पीडित म्हणून त्याच्याकडे पाहावं. काही जण राजीखुशीने गेले, कमिशन खाल्लं, दुसऱ्यांना ओढून नेलं, तेही खरं. ते वेगळे काढायचे तर तपास लागेल, पण तपासाची सुरुवात कुठून करायची हे कायद्याने सांगायला हवं.

तस्करीमुळे जे गुन्हे करावे लागले त्याची शिक्षा पीडिताला होऊ नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २००२ मध्येच मांडलं. युरोपच्या करारांत ते कलम म्हणून आहे. आपण २०११ मध्ये पालेर्मो शिष्टाचाराला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी तस्करीविरोधी कराराला, मान्यता दिली, पण हे तत्त्व आपल्या कायद्यात आलं नाही. २०१८ च्या विधेयकात ते आणलं होतं, पण उलट्या टोकाने: ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांची शिक्षा आहे, तोच जबरदस्तीने करावा लागला असेल तर माफी. म्हणजे धाकाने खून केला तर कलम मदतीला येणार, आणि खोटं आधार कार्ड दाखवलं, पाकीट मारलं, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावलं, तर नाही. तस्करीत अडकलेल्या माणसाच्या हातून होतात ते हेच छोटे गुन्हे. पिटाचं कलम ८, सार्वजनिक जागी आवाहन करण्याचं, आजही त्याच बायकांवर लागतं ज्यांना वाचवायला हा कायदा आहे म्हणतात. २००६ च्या विधेयकात ते काढायचं ठरलं होतं.

परदेशी पीडितांचं उदाहरण तर बोलकं आहे. तपासात बाई तस्करीची बळी ठरली तर तिच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये, असं गृह मंत्रालयाने मे २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं. चांगली सूचना होती. पण ती सूचनाच होती. पाळली तर पाळली. आणि ज्या जुन्या कायद्याच्या नावाने ती काढली, तो कायदाच २०२५ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. बांगलादेशी बाईला आज मी तिच्या बचावासाठी काय दाखवू, एका रद्द झालेल्या कायद्यावरचं जुनं पत्र?

पैशांबद्दल थोडक्यात. २०१८ च्या विधेयकातल्या दोन गोष्टी जशाच्या तशा उचला. पुनर्वसन हे आरोपीवर खटला चालतो का, त्यात काय होतं, यावर अवलंबून राहणार नाही, असं त्यात साफ लिहिलं होतं. आणि अंतरिम मदत तीस दिवसांत, पुढची मदत आरोपपत्रानंतर साठ दिवसांत, अशा मुदती होत्या. आज नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो, पण तो मंजूर होईपर्यंत ती बाई त्या जिल्ह्यात राहिलेली नसते, आणि बँक खातं नसतं, कारण आधार मुद्देमालात. मदत कुठल्याही जिल्ह्यात मागता यावी, मागताना साक्ष देण्याची अट नसावी. साक्ष द्यायला तयार नसलेली बाईही भुकेली असते.

तपासाचं म्हणाल तर २०१९ पासून राष्ट्रीय तपास यंत्रणेला तस्करीचे गुन्हे हाती घेता येतात आणि २०२१ च्या मसुद्यात तिलाच देशाची मुख्य यंत्रणा करायचं होतं. सीमेपलीकडच्या टोळ्यांसाठी ते बरोबर आहे. पण फडातला पोरगा आणि लॉजमधली मुलगी सापडते ती जिल्ह्यातल्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाला, आणि त्या कक्षाची माणसं गणपतीला, निवडणुकीला, मंत्र्यांच्या दौऱ्याला बंदोबस्तावर असतात. दिल्लीत नवा बोर्ड लावण्याआधी या कक्षाला स्वतःची माणसं, एक गाडी आणि दुभाषी देण्याची तरतूद कायद्यात करा, तिच्यासाठी निधीचं नावही लिहा.

तेव्हा तुमच्याकडून काय हवंय ते सांगते. विधेयक पुन्हा आणायला सरकारला भाग पाडा, आणि या वेळी ते समितीकडे गेलंच पाहिजे असं आधीच बोलून ठेवा. समितीने दिल्लीत बसून फक्त मंत्रालयाचे सचिव ऐकू नयेत. संरक्षणगृहात राहून आलेल्या बायका, मुक्तीचा दाखला मिळालेले आणि न मिळालेले ऊसतोड कामगार, म्यानमारहून परतलेली मुलं यांना प्रवासखर्च देऊन, नाव गुप्त ठेवून, त्यांच्या भाषेत ऐकावं. त्याला वेळ लागेल. लागू दे. १९५६ च्या कायद्यावर आपण इतकी वर्षं काढलीच आहेत.

तोवर प्रश्नोत्तराचा तास आहे. महाराष्ट्रातल्या संरक्षणगृहांत आज किती सज्ञान बायका आदेशाने ठेवल्या आहेत, आणि त्यांतल्या किती जणींनी बाहेर जायची इच्छा लेखी कळवली आहे? गेल्या पाच वर्षांत राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात वेठबिगारमुक्तीचे किती दाखले दिले गेले, त्यांपैकी किती जणांना पूर्ण रक्कम मिळाली? जिल्हा दक्षता समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली? तस्करीच्या किती खटल्यांत पीडितेची साक्ष दूरदृश्य प्रणालीने घेतली? म्यानमार आणि कंबोडियातून परतलेल्यांपैकी किती जणांवर इथे गुन्हे नोंदले आहेत? तुम्ही ६७ जण आहात. एकेकाने एक प्रश्न घेतला तरी हे सगळे एका अधिवेशनात बसतात. उत्तरं जिल्हावार मागा, राज्याची बेरीज देऊन बोळवण करू देऊ नका. जिल्ह्याचा आकडा सभागृहाच्या पटलावर आला की तो घेऊन आम्हाला इथल्या न्यायालयात पुढचं काम करता येतं.

कळावे,

आपली,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक मतदार